रुग्णाची माहिती आणि वैद्याचे दायित्व
(डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ : एक अभ्यास)

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय, रोगभिषग्जितीय, आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. परीक्षेच्या दृष्टीने तो आपल्या स्मरणात राहतो तो दशविध परीक्षेमुळे. प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय हे दहा भाव तपासल्याविना चिकित्सा करू नये, असा आपला दंडक आहे. याच अध्यायात, दशविध परीक्षेच्या बऱ्याच आधी, शिष्योपनयनाचा प्रसंग येतो. अग्नी, ब्राह्मण आणि वैद्य यांच्या साक्षीने आचार्य शिष्याला उपदेश करतात. त्यात असे सांगितले आहे की, रुग्णाच्या घरी परिचित व्यक्तीबरोबर आणि अनुज्ञा घेऊनच जावे. आत गेल्यावर वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रिये रुग्णहिताखेरीज अन्यत्र जाऊ देऊ नयेत. आणि त्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत.

हा क्रम अर्थपूर्ण आहे, असे आम्हांस वाटते. आधी मौनाची प्रतिज्ञा आणि नंतर प्रश्न विचारण्याचा अधिकार. आपण रुग्णाला मलप्रवृत्ती, निद्रा, स्वप्न, रजःप्रवृत्ती, मैथुन, व्यसन, कुलवृत्तांत, मनाची अवस्था असे सर्व विचारतो. सामान्य दवाखान्यातील चार ओळींच्या चिठ्ठीपेक्षा आपले रुग्णपत्रक कितीतरी मोठे असते. जितके अधिक विचारावे तितके अधिक सांभाळावे लागते, हे ओघाने आलेच.

हे रुग्णपत्रक आता कपाटातून संगणकात आणि मोबाईलमध्ये आले आहे. त्यासाठी भारताच्या संसदेने २०२३ साली एक स्वतंत्र कायदा केला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रस्तुत लेखात या कायद्याचा वैद्य आणि औषधी व्यावसायिक यांच्या दृष्टीने परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

एक स्वानुभव

विषयाकडे वळण्यापूर्वी आमच्या हातून घडलेला एक प्रमाद येथे नमूद करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी बावीस वर्षांची एक मुलगी श्वित्राच्या चिकित्सेसाठी आमच्याकडे येत असे. डाव्या प्रबाहूवर मंडले होती. दर महिन्याला तुलनेसाठी आम्ही मोबाईलवर छायाचित्र घेत असू. तिची व तिच्या वडिलांची त्यास तोंडी परवानगी होती. चार महिन्यांनंतर उपशय थांबल्यासारखा वाटला, म्हणून ती छायाचित्रे आम्ही वैद्यांच्या एका व्हॉट्सॲप गटावर टाकली आणि ज्येष्ठांचे मत मागितले. चेहरा कुठेही दिसत नव्हता. नाव लिहिले नव्हते. आम्ही निश्चिंत होतो. मनगटाजवळ जत्रेत गोंदवून घेतलेले तिचे नाव होते, त्याकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही. आमच्या विनंतीत तालुक्याचा उल्लेख होता. कोणीतरी ते छायाचित्र सद्हेतूनेच दुसऱ्या गटावर पुढे पाठविले. तेथून ते ज्या घरी तिच्या विवाहाची बोलणी चालू होती, त्या घरापर्यंत पोहोचले.

तिचे वडील एके दिवशी दुपारी एकटेच आले. आवाज न चढविता ते एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही चांगल्यासाठीच टाकला असंल. पण आम्ही फोटो काढायला हो म्हणालो होतो, दाखवायला नाही."

आम्ही क्षमा मागितली. गटावरील छायाचित्र काढून टाकले. पुढे गेलेले काढणे आमच्या हाती नव्हते. ती मुलगी पुन्हा चिकित्सेला आली नाही. श्वित्राची चिकित्सा दीर्घकाळ चालणारी. ती अर्धवट राहिली, याचे शल्य आम्हांस आजही आहे.

त्या पित्याने एका वाक्यात जे सांगितले, तेच या नव्या कायद्याचे सार आहे. एका उद्देशासाठी दिलेली माहिती त्याच उद्देशासाठी वापरावी. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राचा विस्तार समजावा.

कायद्याची पार्श्वभूमी

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, खाजगीपणा हा राज्यघटनेने संरक्षित केलेला मूलभूत अधिकार आहे असा एकमुखी निर्णय दिला. त्याच सुमारास केंद्र शासनाने न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले व ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर नव्याने मांडलेले विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व अंमलबजावणीचे टप्पे ठरले. भारतीय डेटा संरक्षण मंडळाच्या स्थापनेविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. सूचना, संमती, सुरक्षा इत्यादी मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. म्हणजे नियमांतील मुदतीनुसार त्या मे २०२७ मध्ये लागू व्हावयाच्या आहेत.

तोपर्यंत आपण मोकळे आहोत, असा समज कोणी करून घेऊ नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३-अ खाली केलेल्या २०११ च्या नियमांत शारीरिक व मानसिक आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी यांना 'संवेदनशील' माहिती म्हटले आहे. त्या कलमात एकल मालकीच्या व्यवसायाचाही समावेश आहे. नव्या कायद्याच्या मुख्य तरतुदींबरोबरच ते कलम वगळले जावयाचे आहे.

परिभाषा

शास्त्र समजून घ्यावयाचे तर प्रथम परिभाषा समजून घ्यावी लागते.

१) वैयक्तिक डेटा : ज्या माहितीवरून किंवा जिच्या संबंधाने एखादी व्यक्ती ओळखता येते, ती सर्व माहिती. नाव आणि मोबाईल क्रमांक तर झालेच. परंतु मनगटावरील गोंदण, नाडीपरीक्षेच्या वेळी केलेले चलचित्र, पंचकर्म विभागाच्या दारातील कॅमेऱ्याचे चित्रण हेही त्यात येते. या कायद्याने आरोग्यविषयक माहितीचा वेगळा वर्ग केलेला नाही, हे लक्षात घ्यावे. सर्वच वैयक्तिक माहितीला हे नियम लागू आहेत.

२) डेटा प्रिन्सिपल : ज्याची माहिती ती व्यक्ती. आम्ही तिला 'माहितीचा धनी' म्हणू. आपल्या दृष्टीने हा रुग्ण किंवा ग्राहक होय. बालकाच्या बाबतीत आईवडील अथवा कायदेशीर पालकही यात येतात.

३) डेटा फिड्यूशिअरी : माहिती कशासाठी व कशी वापरावयाची हे जो ठरवितो तो. हा शब्द विश्वस्त या अर्थाचा आहे. देवस्थानचा विश्वस्त दानपेटीचा मालक नसतो. त्याप्रमाणे रुग्णपत्रक आपल्या कपाटात असले तरी त्यातील माहितीचे आपण केवळ विश्वस्त असतो. एकट्याने चिकित्सालय चालविणारा वैद्य आणि गल्लीतील औषधी दुकानाचा मालक हे दोघेही विश्वस्त आहेत.

४) डेटा प्रोसेसर : विश्वस्ताच्या वतीने माहिती हाताळणारा. बिलाची संगणकप्रणाली पुरविणारी कंपनी, एकत्रित संदेश पाठविणारी संस्था, माहिती टंकित करून देणारा हे सर्व यात येतात.

कायद्याची व्याप्ती डिजिटल माहितीपुरती आहे. मूळ संगणकात नोंदविलेली किंवा कागदावरून नंतर संगणकात घेतलेली, अशी दोन्ही प्रकारची माहिती त्यात येते. केवळ कागदावर राहिलेले रुग्णपत्रक या कायद्याच्या बाहेर आहे. परंतु त्याचे मोबाईलवर छायाचित्र घेतले की ते आत आले. आणि कागद कायद्याबाहेर असला तरी प्रतिज्ञेबाहेर नाही, हे सांगणे नलगे.

सूचना आणि संमती

संमती घेण्यापूर्वी किंवा घेताना रुग्णास सूचना दिली पाहिजे. कोणती माहिती घेणार, कशासाठी घेणार, संमती मागे कशी घ्यावी, तक्रार कोठे करावी आणि मंडळाकडे कसे जावे, हे त्यात सोप्या भाषेत असावे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय रुग्णास हवी. मराठी त्यात आहेच. सीमाभागात कानडी, गुजराती, कोकणी यांचाही विचार करावा लागेल.

संमतीची लक्षणे कायद्याने पुढीलप्रमाणे सांगितली आहेत. ती मुक्त असावी, विशिष्ट असावी, समजून दिलेली असावी, बिनशर्त असावी आणि निःसंदिग्ध असावी. शिवाय ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी. रुग्ण गप्प बसला म्हणजे त्याने संमती दिली, असे होत नाही. संमतीबाबत वाद उपस्थित झाल्यास ती योग्य रीतीने घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार विश्वस्तावर आहे.

कायद्यातच दिलेले एक उदाहरण आपल्या व्यवसायाजवळचे आहे. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणारे एक ॲप रुग्णाकडून दोन गोष्टींची संमती मागते. एक सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीची आणि दुसरी मोबाईलमधील संपर्कयादी पाहण्याची. रुग्ण दोन्हींना होकार देतो. तरीही, संपर्कयादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्याने त्याची संमती पहिल्या गोष्टीपुरतीच धरली जाते. तात्पर्य, अनावश्यक माहितीसाठी घेतलेली सही निरुपयोगी आहे.

येथे वैद्यांच्या मनात शंका येईल की, मग दशविध परीक्षेचे काय? आमच्या मते त्यास या कायद्याने कोणताही अडथळा नाही. निदान व चिकित्सा या उद्देशास सत्त्व, सात्म्य, व्यसन, कुलवृत्तांत हे सर्व आवश्यक आहे. परंतु जी माहिती चिकित्सेत वापरली जात नाही, ती छापील नमुन्यात रकाना आहे म्हणून विचारू नये. आमच्या जुन्या रुग्णपत्रकात जात आणि मासिक उत्पन्न असे दोन रकाने होते. त्यांचा उपयोग चिकित्सेत कधी केला, हे आम्हांस आठवेना. ते आम्ही काढून टाकले. आधार क्रमांकाची छायाप्रत सरसकट मागण्याची पद्धतही याच कसोटीवर तपासून पाहावी.

संमती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. मागे घेण्यापूर्वी झालेला वापर त्यामुळे बेकायदेशीर ठरत नाही. तसेच, छायाचित्रास नकार दिला म्हणून चिकित्सा नाकारता येणार नाही. कारण मग ती संमती बिनशर्त राहत नाही.

संमतीविना कोठे चालते

कायद्याने काही 'न्याय्य उपयोग' मान्य केले आहेत. त्यांपैकी आपल्याला उपयुक्त असे तीन :

१) व्यक्तीने स्वेच्छेने, विशिष्ट कामासाठी माहिती दिली आणि त्या कामासाठी वापरण्यास नकार दर्शविला नाही, तर त्या कामापुरती ती वापरता येते. यासाठी कायद्याने उदाहरणच औषधी दुकानाचे दिले आहे. ग्राहक औषध घेते, आपला क्रमांक देते आणि पैसे मिळाल्याचा संदेश पाठवावयास सांगते. दुकानदार पावती पाठविण्यासाठी तो क्रमांक वापरू शकतो. तोच क्रमांक वापरून पुढे च्यवनप्राशाच्या सवलतीची जाहिरात पाठविणे या उदाहरणात बसत नाही.

२) जीवितास धोका किंवा आरोग्यास तत्काळ धोका असलेला वैद्यकीय प्रसंग. सर्पदंशाचा रुग्ण बेशुद्ध असताना त्याची माहिती पुढील रुग्णालयास कळविण्यासाठी सहीची वाट पाहण्याचे कारण नाही.

३) साथीच्या किंवा सार्वजनिक आरोग्यावरील संकटाच्या काळात उपचार देण्याची योजना.

याखेरीज अन्य कायद्याने माहिती देणे बंधनकारक असेल तेथे ती दिलीच पाहिजे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देण्याचे बंधन २०१२ च्या कायद्याने सर्वांवरच घातले आहे. उलटपक्षी, एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य यांविषयीचे २०१७ चे दोन्ही कायदे गोपनीयतेचे वेगळे व कडक बंधन घालतात.

विश्वस्ताची कर्तव्ये

अ) सुरक्षा : माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय योजावेत. नियमांत सांकेतिकरण, कोणास काय पाहता यावे याचे नियंत्रण, कोणी काय पाहिले याची नोंद, बॅकअप यांचा उल्लेख आहे. लहान चिकित्सालयात याचा अर्थ असा : संगणकाला पासवर्ड असावा व तो पडद्यावर चिकटवलेल्या कागदावर नसावा, स्वागतकक्षातील मदतनिसास भेटीची वेळ दिसावी, रजोदोषाचा इतिहास दिसू नये, चिकित्सालयाचा मोबाईल आणि घरातील मुलांच्या हाती जाणारा मोबाईल वेगळा असावा, जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील हार्ड डिस्क काढून घ्यावी. अभ्यंग व स्वेदन कक्षात कॅमेरा कोणत्याही कारणाने असू नये.

आ) प्रोसेसरशी करार : संगणकप्रणाली पुरविणाऱ्याशी लेखी करार असावा. त्याच्याकडून चूक झाली तरी रुग्णासमोर उत्तरदायी आपणच असतो. माहिती कोठे साठविली जाते, करार संपल्यावर तिचे काय होते आणि कंपनी ती अन्य कोणास देते काय, हे तीन प्रश्न विचारल्याविना सही करू नये. विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालीबाबत अधिक सावध राहावे.

इ) भंग झाल्यास : माहिती अनधिकृतपणे उघड होणे, हरवणे किंवा तिच्यापर्यंत आपण स्वतःच पोहोचू न शकणे, यास भंग म्हणतात. मोबाईल चोरीस गेला, एकाचा अहवाल दुसऱ्यास गेला, संगणकात विषाणू शिरून नोंदी कुलूपबंद झाल्या, हे सर्व भंगच होत. अशा वेळी बाधित रुग्णांना आणि मंडळाला विनाविलंब कळवावे व ७२ तासांच्या आत मंडळास सविस्तर माहिती द्यावी, असा नियम आहे. लहान भंगास यातून सूट दिलेली नाही. झाकून ठेवणे हा स्वतंत्र अपराध समजावा.

ई) माहिती मिटविणे : उद्देश संपल्यावर किंवा संमती मागे घेतल्यावर माहिती मिटविली पाहिजे, मात्र अन्य कायद्यासाठी ठेवणे आवश्यक असेल तेवढी ठेवावी. नियमांनुसार माहिती आणि तिच्या हाताळणीच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवावयाच्या आहेत. नियमांत तीन वर्षांची जी मुदत आहे ती अतिविशाल ई-कॉमर्स, ऑनलाइन खेळ व समाजमाध्यमे चालविणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. चिकित्सालयासाठी तशी नाही. आपल्याकडे आमवाताचा रुग्ण पाच वर्षांनी परत येतो व जुने पत्रक मागतो. तेव्हा करविषयक कायदे, ग्राहक तक्रारीची मुदत आणि चिकित्सेची गरज यांचा विचार करून प्रत्येकाने आपली मुदत लेखी ठरवावी आणि रुग्णास सांगावी.

उ) धन्याचे अधिकार : आपली कोणती माहिती आहे हे विचारणे, ती दुरुस्त करून घेणे, मिटवून घेणे, तक्रार करणे आणि मृत्यू किंवा असमर्थता आल्यास हे अधिकार बजावण्यासाठी व्यक्ती नामनिर्देशित करणे, हे अधिकार रुग्णास आहेत. तक्रारीचे निवारण कमाल ९० दिवसांत व्हावयास हवे. तक्रार कोणाकडे करावी ते नाव व क्रमांक दर्शनी भागी लावावे.

बालरुग्ण

या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. बालकाच्या माहितीसाठी पालकाची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. मात्र वैद्यकीय आस्थापना आणि आरोग्य व्यावसायिक यांना, बालकाच्या आरोग्यरक्षणासाठी सेवा देण्यापुरती, नियमांत सूट आहे. ती चिकित्सेपुरतीच आहे. सुवर्णप्राशन शिबिरात जमलेल्या बालकांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे क्रमांक पुष्यनक्षत्राच्या पुढील तारखा कळविण्यासाठी ठेवावयाचे असल्यास पालकाची स्पष्ट संमती घ्यावी. आणि शिबिराची छायाचित्रे प्रसिद्ध करताना तर ती घ्यावीच.

औषधी दुकानदार व फार्मसीमालक यांच्यासाठी

दुकानातील बिलावरून व्याधी ओळखता येतो. पुष्यानुग चूर्ण, वाजीकरण योग, अर्शावरील वटी, मधुमेहावरील कल्प यांची नावे वाचणाऱ्या जाणत्या माणसास अधिक काही सांगावे लागत नाही. म्हणून पुढील बाबी पाळाव्यात.

१) बिलासाठी मोबाईल क्रमांक सक्तीचा करू नये. देणाऱ्याचा घ्यावा व कशासाठी ते सांगावे.

२) काउंटरवर गर्दी असताना औषधाचे नाव व उपयोग मोठ्याने उच्चारू नये.

३) कुरिअरने औषध पाठविताना पेटीच्या बाहेर औषधाचे किंवा व्याधीचे नाव नसावे.

४) वैद्याची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर मागविली असल्यास काम झाल्यावर ती मोबाईलमध्ये साठत राहू देऊ नये. सर्व मदतनिसांच्या खाजगी मोबाईलवर ती पाठवू नये.

५) एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी योजनेच्या मोबदल्यात ग्राहकांची यादी मागतो. ती देऊ नये. ग्राहकाने क्रमांक आपणास दिलेला असतो, कंपनीस नव्हे. विक्रीचे एकूण आकडे, ज्यांत कोणाचे नाव नाही, ते देण्यास हरकत नाही.

६) जाहिरातीसाठी 'आधी आणि नंतर' अशी छायाचित्रे व रुग्णांची अनुभवपत्रे वापरताना त्या विशिष्ट जाहिरातीसाठीची लेखी संमती असावी. औषधाच्या जाहिरातीवरील अन्य कायद्यांची बंधने त्याशिवाय आहेतच.

दंड

माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत, भंगाची सूचना न दिल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत, बालकांविषयीचे कर्तव्य मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत व अन्य उल्लंघनास ५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे आकडे वाचून भयभीत होण्याचे कारण नाही. या कमाल मर्यादा आहेत. दंड ठरविताना उल्लंघनाचे स्वरूप व गांभीर्य, माहितीचा प्रकार, पुनरावृत्ती, झालेला लाभ, नुकसान कमी करण्यासाठी केलेले प्रयत्न आणि दंडाचा त्या व्यक्तीवर होणारा परिणाम यांचा विचार मंडळाने करावयाचा आहे. दंडाची रक्कम शासनाच्या निधीत जमा होते. या कायद्याखाली रुग्णास भरपाईची तरतूद नाही. त्या मुलीसारख्या रुग्णाच्या हाती या दंडातून काहीच पडणार नाही. भंग होऊ न देणे हाच तिच्यासाठी एकमेव उपाय आहे.

सूचनापत्राचा नमुना

आम्ही आमच्या चिकित्सालयात पुढील मजकूर वापरतो. आपल्या गरजेनुसार व विधिज्ञाच्या सल्ल्याने त्यात बदल करावा.

"आपले नाव, वय, पत्ता, मोबाईल क्रमांक, तक्रारी, पूर्वेतिहास, तपासणीचे अहवाल व दिलेली औषधे यांची नोंद आम्ही संगणकात ठेवतो. तिचा उपयोग आपली चिकित्सा व बिल यांसाठीच केला जाईल. आपण ही संमती केव्हाही मागे घेऊ शकता, नोंदी पाहू शकता व दुरुस्त करून घेऊ शकता. त्यासाठी किंवा तक्रारीसाठी स्वागतकक्षातील क्रमांकावर कळवावे. समाधान न झाल्यास भारतीय डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते. त्याची पद्धत स्वागतकक्षात लावलेली आहे.

पुढील गोष्टी ऐच्छिक आहेत. नकार दिल्यास चिकित्सेत फरक पडणार नाही. प्रत्येकीपुढे हो किंवा नाही लिहावे :
१) पुढील भेटीची आठवण संदेशाने देणे.
२) तुलनेसाठी छायाचित्र घेणे.
३) ओळख लपवून अन्य वैद्यांशी चर्चा करणे.
४) ओळख लपवून लेख किंवा व्याख्यानात वापरणे."

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळी वेगळ्या का, हे सुज्ञ वाचकांना सांगावयास नको.

शंकासमाधान

शंका : रुग्णेचा पती किंवा सासू तिच्या चिकित्सेविषयी विचारतात. काय करावे?
समाधान : सज्ञान रुग्णाच्या माहितीचा धनी तो स्वतःच. वंध्यत्वाच्या चिकित्सेत हे विशेष पाळावे. पतीच्या शुक्रपरीक्षणाचा अहवाल त्याच्या अनुमतीविना त्याच्या आईस सांगू नये आणि पत्नीचा इतिहास तिच्या अनुमतीविना कोणासच सांगू नये. "तुम्ही त्यांनाच विचारा," हे उत्तर पुरेसे आहे.

शंका : संगणकात आधीपासून असलेल्या हजारो नोंदींचे काय?
समाधान : पूर्वी संमतीने घेतलेल्या माहितीबाबत, कायदा लागू झाल्यावर शक्य तितक्या लवकर रुग्णास सूचना द्यावी. त्याने संमती मागे घेईपर्यंत वापर चालू ठेवता येतो. रुग्ण पुढील भेटीस येईल तेव्हा सूचनापत्र हाती देणे, ही सुलभ पद्धत होय.

शंका : रुग्णवृत्तांत व संशोधन आता बंद करावे काय?
समाधान : मुळीच नाही. संशोधन व सांख्यिकीसाठी, ठरवून दिलेली मानके पाळून आणि त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय न घेता, कायद्याने सूट दिली आहे. तथापि रुग्णवृत्तांत लिहिताना नाव गाळणे पुरेसे नसते. गाव, व्यवसाय, चिकित्सेची नेमकी तारीख, शरीरावरील खूण यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तरी परिचितास रुग्ण ओळखता येतो. या त्रैमासिकाकडे वृत्तांत पाठविणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींनीही हे पाहावे.

शंका : व्हॉट्सॲपवर ज्येष्ठांचा सल्ला घेऊच नये काय?
समाधान : घ्यावा. गटाऐवजी एका वैद्याशी बोलावे. छायाचित्र आवश्यक असेल तरच व रुग्णाची संमती घेऊन पाठवावे. पाठविण्यापूर्वी ते मोठे करून कोपऱ्यांसह पाहावे.

उपसंहार

काही वैद्यमित्र म्हणतात की, हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे; दोन खोल्यांच्या चिकित्सालयास त्याचे काय? कायद्याने आकारमान पाहिलेले नाही, हे वर आलेच. परंतु आमचे म्हणणे त्याहून वेगळे आहे. मोठ्या कंपनीकडे असलेल्या माहितीत रुग्ण हा एक क्रमांक असतो. आपल्या दोन खोल्यांत येणारा रुग्ण आपल्याच गावचा असतो. त्याचे सोयरे, त्याचे शेजारी, त्याचा मालक हे सर्व आपल्याच प्रतीक्षाकक्षात बसलेले असतात. म्हणून आपल्या हातून फुटलेली गोष्ट दूर जात नाही, ती नेमकी जेथे जाऊ नये तेथेच जाते.

रुग्ण जे आईवडिलांना सांगत नाही ते आपणांस सांगतो. तो विश्वास टिकला तर निदानपंचक पूर्ण होते. तो गेला तर रुग्ण अर्धे लपवितो आणि आपण अर्ध्यावर चिकित्सा करतो. मे २०२७ ची वाट न पाहता प्रत्येकाने या त्रैमासिकाचा पुढील अंक हाती येण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे : रुग्णपत्रकातील अनावश्यक रकाने काढावेत, सूचनापत्र छापून घ्यावे आणि आपल्या मोबाईलमधील रुग्णांची जुनी छायाचित्रे एकदा तपासून पाहावीत. ज्यांची संमती आपणास आठवत नाही, ती छायाचित्रे काढून टाकावीत. आम्ही ती काढावयास बसलो तेव्हा दोन रात्री लागल्या.

अलमतिविस्तरेण।